खिडकीने सगळं पाहिलं होतं

संगणकाला कापडी झूल घालून ठेवायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेच्या कचेरीतल्या संगणकात क्लिपबोर्ड राहायचा. एकीकडून उचललेला मजकूर दुसरीकडे ठेवेपर्यंत तो सांभाळायचा. पण हात एकच, त्यामुळे नवं आलं की जुनं सुटायचं. त्या हातात काय आहे हे दाखवायला शेजारी पडद्यावर एक खिडकी होती. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं ती दिवसातून दहादा ऐकवायची.

चौतीस वर्षं वेळेवर घंटा देणारे शिपाई धोंडूमामा निवृत्त होणार होते. टायपिस्ट नलूताईंनी त्यांचं मानपत्र जुन्या फाइलमधून उचललं आणि ती फाइल पुसून टाकली. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी पत्रिकेत पाहुण्यांचं नाव घालायला सांगितलं. ताईंनी नाव उचललं आणि क्लिपबोर्डाच्या हातून मानपत्र गळलं.

"अगं, तू बघत होतीस ना? ओरडायचंस तरी!" माऊस खिडकीकडे बघून कळवळला.

"ओरडणं माझ्या कामात बसत नाही."

"मग ते मानपत्र पुन्हा दाखव."

"आत्ता जे आहे तेच मी दाखवते. पाहुण्यांचं नाव. बघ, किती स्पष्ट दिसतंय!"

घाईत ताईंनी नव्या पानावर तेच उतरवलं आणि कुणी न वाचताच ते फ्रेममध्ये गेलं. समारंभात चष्मा विसरलेल्या धोंडूमामांनी पाहुण्यांचं नाव, पदव्यांसकट, भक्तिभावाने कपाळाला लावलं.

मागाहून संगणकात चौकशी झाली. क्लिपबोर्ड निष्काळजी ठरला, माऊस आगाऊ ठरला. खिडकीची मात्र एकही चूक सापडेना, म्हणून तिला सगळ्यांवर देखरेखीला नेमलं.