उजवा पाय

"मग माझ्यात कमी तरी काय आहे, सर?"

रणधीर खराडेचा आवाज चढला होता. त्या इस्पितळात नाडगौडा सरांसमोर आवाज चढवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण माणूस एकदा चिडला की त्याचं भान सुटतं, त्याला कोण काय करणार!

सरांनी चष्मा काढून पुसला.

"तालुक्याला आपली नवी कॅथलॅब उघडतेय. विश्वस्तांना प्रमुख म्हणून मीच हवाय. अडलंय ते फक्त तुमच्या शब्दावर. आणि तुम्ही आपले रोज 'बघू, बघू'! माझे हात बघा ना, सर. बंद पडलेली नस दुसरा कुणी उघडेस्तोवर मी..."

"हात बघितले," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग?"

"पाय बघायचाय... उजवा."

रणधीरला हसू आलं. त्यानं ते ओठांतच दाबलं. म्हातारपण लागलं सरांना, असं त्याच्या मनात आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. कारण या माणसावर त्याचा जीव होता. हृदयाच्या नसेत पहिली तार सरकवताना त्याचा हात थरथरला, तेव्हा त्यावर याच माणसानं आपला हात ठेवला होता.

आता सर स्वतः काम करत नसत. रक्ताच्या आजारातून कसेबसे उठले होते. उभा जन्म क्ष-किरणांत काढल्यामुळेच तो आजार झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं, आणि नाही असंही कुणी म्हणत नव्हतं. तज्ज्ञांनी मात्र बजावलं होतं की यापुढे किरणांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. म्हणून सर जाड काचेपलीकडच्या खोलीत बसत आणि तिथून सगळ्यांची कामं न्याहाळत.

"आज कोण आहे?" सरांनी विचारलं.

"गफूरचाचा. गाद्या भरतात ते. दोन नसा तुंबल्यात."

"चल," सर म्हणाले आणि उठले.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या नसा उघडायच्या खोलीत, टेबलाखाली एक पेडल असतं. पायानं दाबलं की किरण सुरू होतात आणि पडद्यावर हृदय दिसायला लागतं. पाय उचलला की किरण बंद. लहान मुलालाही कळावी इतकी साधी गोष्ट आहे. पण ते किरण गुमान पेशंटच्या छातीतून पार होऊन जात नाहीत. त्याच्या अंगावर आपटून चहूकडे उधळतात, आणि जो जवळ उभा असेल त्याच्या वाट्याला येतात.

रणधीरला हे ठाऊक नव्हतं थोडंच! स्वतःपुरतं तो सगळं चोख करायचा. अंगात शिशाचा एप्रन, गळ्याला पट्टा, डोळ्यांवर जाड चष्मा. छतावरून लोंबणारी शिशाची काच तो काम सुरू करायच्या आधी ओढून घ्यायचा, ती बरोबर आपल्या तोंडासमोर. आणि मग पेडलवर उजवा पाय ठेवायचा तो ठेवायचाच. ट्रॉलीवरची तार निवडताना, कुणाशी दोन शब्द बोलताना, नजर पडद्यावर नसतानाही पाय खालीच. वेगानं काम करायचं तर सारखी उचलठेव कोण करत बसणार?

पेशंटच्या उशाशी रूथ सिस्टर उभ्या असायच्या. औषध टोचायला, कपाळावरचा घाम पुसायला, घाबरलेल्याला धीर द्यायला. एप्रन त्यांनाही होता. पण ती लोंबती काच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

एकदा त्या हळूच म्हणाल्या होत्या, "सर, ते पेडल जरा..."

"सिस्टर, तुम्ही पेशंटकडे बघा. माझ्या पायाकडे नको," रणधीरनं तिथल्या तिथे तोडून टाकलं होतं. चारचौघांत.

त्यानंतर सिस्टर कधी बोलल्या नाहीत.

गफूरचाचांना टेबलावर घेतलं. मनगटातून नळी आत गेली. रणधीरनं काच तोंडासमोर ओढली, पाय पेडलकडे नेला... आणि दार उघडलं.

नाडगौडा सर आत आले. खुंटीवरचा एप्रन त्यांनी अंगात चढवला. त्या ओझ्यानं त्यांचे खांदे लगेच खाली आले.

"रूथ, आज तुझी जागा मला दे. तू काचेपलीकडे जाऊन बस."

"सर, अहो, तुम्हाला मनाई आहे!" सिस्टरांचा चेहरा उतरला.

"जा बाई."

त्या दोन पावलं गेल्या, रणधीरकडे वळून बघितलं आणि मग बाहेर पडल्या. सर चाचांच्या उशाशी उभे राहिले. म्हणाले, "द्या हात, चाचा. दुखलं तर दाबा."

"सर, काय चाललंय हे?" रणधीर ओरडलाच. "बाहेर व्हा! तुमच्या जिवाशी खेळ आहे हा!"

"नळी आत गेलीय ना?"

"हो, पण..."

"मग काम कर."

रणधीरनं पेडलवर पाय टेकवला.

आणि उचलला.

तार निवडायला तो ट्रॉलीकडे वळला तेव्हा पाय जमिनीवर होता. तार आत सरकली, त्यानं पुन्हा पेडल दाबलं, पडद्यावर हवं तेवढं पाहिलं आणि लगेच सोडलं. त्याला पडदा दिसत होता आणि पडद्याच्या कडेनं सरांचं डोकं दिसत होतं, उघडं, पिकलेलं. त्यानं ती लोंबती काच धरून सरांच्या बाजूला ढकलली. स्वतःचा डावा खांदा उघडा पडला, तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"सर, आता जरा जास्त वेळ दाबावं लागेल. मागे सरका. अजून... अजून थोडं."

सर मुकाट्यानं मागे सरकले. ते पुरते भिंतीशी जाईपर्यंत रणधीर थांबून राहिला. तसा थांबायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण थांबला.

"झालं का हो, डॉक्टर?" गफूरचाचांनी क्षीण आवाजात विचारलं.

"होत आलं, चाचा," रणधीर म्हणाला. हेही तो एरवी सिस्टरांनाच बोलू देई.

पहिली नस उघडली. मग दुसरी. दोन्हीतून रक्त खळाळून वाहायला लागलं.

काचेपलीकडून तंत्रज्ञ दाभाडे माइकवर म्हणाला, "खराडे सर, कमाल केलीत! किरणांची मात्रा नेहमीच्या निम्मीही नाही. आणि वेळ म्हणाल तर तेवढाच लागला!"

चाचांना बाहेर नेलं. रणधीरनं एप्रन उतरवला. आतला शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. तो सरांजवळ आला, त्यांच्या पाठीवरचे बंद सोडले आणि तो जड एप्रन खुंटीला टांगला.

"जीव टांगणीला लावलात माझा, सर. पाय टेकवताना दर वेळी वाटायचं, की आपणच यांना..." त्याचे डोळे भरून आले होते.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दार उघडून रूथ सिस्टर आत आल्या. टेबलावरची चादर काढली आणि दुसऱ्या पेशंटसाठी नवी अंथरायला लागल्या. कुणाकडे न बघता.

रणधीरनं डोळे पुसले. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. अवघड परीक्षा देऊन बाहेर आलेल्या पोरासारखं.

"कळलं सर, तुम्हाला कुठला पाय बघायचा होता ते. बघितलात ना? एकदाही चुकला नाही. आता तरी विश्वस्तांना शब्द द्याल?"

सरांची नजर टेबलाकडे वळली.

सिस्टरांनी चादरीची घडी मोडली, कोपरे ताणून नीट बसवले...

"माझ्यासाठी पाय कुणीही उचलला असता, बाळा," सर म्हणाले. "उद्या तिथे रूथ उभी असेल."