पेटीला लावलेले अर्थ

“मग हे घूं येतंय कुठून, तेवढं तरी सांगा ना, बाई!”

मगदूमबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफल बशीत ठेवलं.

“तूच सांग,” त्या म्हणाल्या.

उन्मेष कळंत्रेला असली उत्तरं सोसत नसत. एके काळी तो याच बाईंच्या हाताखाली रेकॉर्डिंगचं काम शिकला होता, ते खरं. पण आता पुण्यात त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, हाताखाली माणसं होती, वर शिकवण्याचे वर्गही तो घ्यायचा. कोल्हापुरात येऊन बाईंच्या गॅरेजात घामाघूम उभं राहायचं आणि वर “तूच सांग” ऐकायचं, म्हणजे…

त्यानं पुन्हा हेडफोन कानाला लावला.

घूंऽऽऽ…

गावातला जुना रेकॉर्डिंग हॉल बंद पडला, तेव्हा तिथलं मिक्सरचं भलंथोरलं टेबल मोडीत निघालं. त्या टेबलात मॉड्यूल असतात. माइकचा बारीकसा आवाज उचलून मोठा करणारे भाग, पुस्तकाच्या कपाटात पुस्तकं उभी असावीत तसे ओळीनं बसवलेले. टेबल मोडलं की ते अनाथ होतात. मग त्यांना लोखंडी पेटीत बसवायचं, वीज द्यायची, नव्यानं तारा ओढायच्या, तेव्हा कुठे ते परत बोलायला लागतात. उन्मेषनं त्यातले सहा मिळवले होते आणि पेटीत बसवले होते. पेटीच्या पुढच्या पत्र्यावर झोकदार अक्षरांत आपलं नावही कोरून घेतलं होतं.

बाईंनी ते आल्या आल्या वाचलं होतं.

“नाव आधी कोरलंस होय?”

“पत्रा कापायला दिलाच होता, बाई. एकदमच करून घेतलं.”

“बरं.”

त्या ‘बरं’चा राग अजून त्याच्या डोक्यात होता.

त्यानं पंखा बंद केला. घूं तसंच. ट्यूबलाइट घालवली. तसंच. मग तो तरातरा बाहेर गेला आणि शेजारच्या शैलाकाकूंना म्हणाला, “काकू, जरा तो मिक्सर बंद करता?”

“अरे, चटणी अर्धी राहिलीय माझी! माझ्या मिक्सरानं तुझ्या मिक्सराला काय होतंय?”

कट्ट्यावर बसलेले अण्णा खो खो हसले. हसता हसता खोकला आला, मग पाणी प्यायला लागलं.

अण्णा म्हणजे उन्मेषचे वडील. हॉल चालू होता तेव्हा ते तिथे कोरसात गायचे. मुख्य गाणारी एक, मागे “जी रं जी” करणारे पाचसहा, त्यांत कुठेतरी कडेला अण्णा. जन्मभर गायले, पण त्यांचा एकट्याचा आवाज कुठल्याही फितीवर नाही.

आणि उद्या सकाळी त्यांना ऑपरेशनला दवाखान्यात न्यायचं होतं. घशात गाठ होती. स्वरयंत्र राहील की जाईल, ते “आत गेल्यावर बघू,” असं डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून आजच. म्हणून याच मॉड्यूलांतून. अण्णांचा एकट्याचा आवाज.

“फोनवर घेऊन टाक की रं,” अण्णा सारखं म्हणत होते. “कशाला एवढा खटाटोप?”

“फोनवर घ्यायचा नाही, अण्णा.”

“मग घे बाबा कशावर घ्यायचा त्याच्यावर. पण घे तर.”

काकूंनी चटणी थांबवली. उन्मेष आत आला, हेडफोन लावला.

घूंऽऽऽ…

“तसंच आहे?” बाईंनी विचारलं.

“तसंच.” त्यानं झाकणाचे स्क्रू परत काढायला घेतले. एक खाली पडला, घरंगळत टेबलाखाली गेला. तो वाकला, शोधत राहिला आणि टेबलाखालूनच बोलत सुटला. “डोकं ठिकाणावर नाही माझं, बाई. सांगलीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले, ते म्हणाले आवाज राहायला हरकत नाही. आता ‘हरकत नाही’ म्हणजे काय? राहील म्हणजे? पुण्यातले म्हणाले, मनाची तयारी ठेवा. ते तर सगळ्यांनाच म्हणत असतील. आणि हे इथले म्हणतात, बघू. ज्या अर्थी बघू म्हणाले, त्या अर्थी अजून आशा आहे. नाहीतर सरळ नाहीच म्हणाले असते. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. त्यावरून…”

“किती ठिकाणी अर्थ लावलास?”

उन्मेष टेबलाखालून बाहेर आला. स्क्रू हातात होता.

“म्हणजे… तिघांचंही मी नीट ऐकलं, बाई. घरी गेल्यावर परत परत…”

“पेटीचं विचारते मी.”

उन्मेषनं स्क्रू टेबलावर ठेवला.

“जमिनीला जाणारी तार. अर्थ. किती ठिकाणी लावलास?”

त्यानं झाकण बाजूला केलं. आत हिरव्या तारा नुसत्या खच्चून भरल्या होत्या. माइकच्या तारेभोवती बारीक जाळी असते. ती अर्थला जोडायची, पण एकाच टोकाला. त्यानं दोन्ही टोकांना जोडली होती. वर प्रत्येक मॉड्यूलपासून पेटीच्या पत्र्याला वेगळी तार, आणि एका मॉड्यूलपासून दुसऱ्यालाही.

“सगळीकडे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“का?”

“एक सुटला तर दुसरा असावा… म्हणून.”

“त्यानंच घूं येतं, ठाऊक नव्हतं तुला?”

उन्मेष हिरव्या तारा बोटानं चाचपत राहिला. बाहेर अण्णा शैलाकाकूंना आपल्या ऑपरेशनची बातमी सांगत होते, जणू दुसऱ्या कुणाचं लग्नच ठरलंय.

“ठाऊक होतं,” तो शेवटी म्हणाला. “वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतो मी.”

“हं.”

“लावताना समजत होतं, बाई. पण हात थांबेना.”

बाईंनी बशी बाजूला सारली. पदराला हात पुसले. भिंतीवर खिळ्याला अडकवलेला कटर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“तुम्ही काढा ना,” उन्मेष म्हणाला. “तुमचा हात हलका आहे.”

“लावलेस तू.”

“चुकीची तार तुटली तर? आज तुटली तर परत जोडत बसायला वेळ नाही. उद्या…”

बाई कटर धरून तशाच उभ्या राहिल्या. हात मागे घेतला नाही.

त्यानं कटर घेतला.

पहिली तार कापली. टक्. मग दुसरी. कापलेलं टोक दुमडायचं, पट्टी गुंडाळायची, बाजूला दाबायचं. हातांना काम मिळालं तशी तोंडातली बडबड थांबली. पण पाय काही थांबेनात, उभ्या उभ्या चुळबुळ चाललेलीच. एकेक हिरवी तार बाहेर येऊन टरफलांच्या बशीशेजारी पडत गेली.

मध्येच त्याला झपाटल्यासारखं झालं. समोर दिसेल ते कापत सुटला. कोपऱ्यातली जाड तार कटरच्या तोंडात आली, तशी बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“ती राहू दे.”

“पण तुम्हीच म्हणालात…”

“एक अर्थ लागतोच. नाहीतर झटका बसेल.”

तो थांबला. झाकण लावलं. वीज दिली. हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाई, काहीच येत नाही.”

“हं.”

“बंद पडलं! तरी मी म्हणत होतो…”

बाईंनी माइकसमोर एक शेंग फोडली.

उन्मेष दचकून मागे सरला. कानात झाड मोडल्याचा आवाज झाला होता. मग दाण्यावरची फोलं चुरगळल्याची चुरचुर. आणि मग परत काही नाही… एवढं स्वच्छ काही नाही त्यानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

“अण्णा!” बाईंनी हाक मारली. “या आत.”

“आत्ताच?” उन्मेष म्हणाला. “जरा थांबू ना, बाई. पेटी तापू दे. माइकही बदलून बघतो, माझ्याकडे दुसरा आहे. आणि अण्णांनी चहाही घेतलेला नाही…”

तोवर अण्णा स्टुलावर येऊन बसलेही होते. टोपी काढून मांडीवर ठेवली. आपल्यासमोर एकट्याचा माइक बघून जरा लाजले.

“काय म्हणू?”

“तुम्हाला आवडेल ते.”

“मला गाणं कुठलं येतंय रं? माझ्या वाटचं तेवढं येतंय.”

“तेच म्हणा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं.

अण्णांनी डोळे मिटले. दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला.

पण तोंड उघडेनात.

उन्मेष माइकभोवती घिरट्या घालत होता. काटा बघ, बटण फिरव, परत काटा बघ. शेवटी न राहवून कुजबुजला, “अण्णा, चालू झालंय. गा की!”

“थांब रं,” डोळे न उघडता अण्णा म्हणाले. “गाणारीची ओळ चाललीया अजून.”

गॅरेजात आवाज नव्हता. गुडघ्यावर बोटं तेवढी पडत होती. मग अण्णांची मान किंचित वर झाली.

“जी रंऽ जी… जीऽ…”

खरखरीत आवाज, पण नेमका जिथे यायचा तिथे आला. शेवटाला फाटला. अण्णांनी खाकरून घसा साफ केला आणि ओठ मिटून घेतले. बोटं चालूच. गाणारीची पुढची ओळ सुरू झाली असावी.

“खाकरले,” उन्मेष बाईंच्या कानाशी लागला. “थांबवू? पहिल्यापासून घेऊ? ते ‘जी’ फाटलं ना? मला वाटतं फाटलं. बाई, तुम्हाला काय वाटतं?”

त्याचा हात बटणाकडे गेला.

बाईंनी त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला.

“अहो! नीट येतंय की नाही, मला कळणार कसं?”

हाताच्या अंतरावर अण्णा बसले होते. बोटं पडत होती, मान वर होऊ लागली होती.

“नाहीच कळणार,” बाई म्हणाल्या. “बस.”