न वाजलेली काळी चार

"...म्हणजे पेपरात छापलंय ते तुम्हीच बोललात?"

यशोधन अजून पायरीवरच उभा होता. हातात पेपराची घडी, पायात बूट तसेच.

इनास मास्तर ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली.

"मीच बोललो."

"'यशोधन माझा शिष्य नाही.' याच शब्दांत?"

"याच शब्दांत."

यशोधनने चिडायला नको होतं असं कोण म्हणेल? सहा वर्षं दर पंधरा दिवसांनी रविवारी पुण्याहून वसईला येऊन तो या माणसाकडे जॅझ पियानो शिकत होता. मास्तरांनी चाळीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत आणि हॉलांत तो वाजवला. सुरुवातीला एक धून, पुढचं सगळं त्या क्षणी हाताला सुचेल ते. त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या चार, आणि नाव झालं ते चौथीमुळे. चाळीस मिनिटं एकट्याने वाजवलेलं, काहीही आधी न ठरवता.

ती रेकॉर्ड यशोधनने ऐकून ऐकून सुरासुराने पाठ केली होती. तीन वर्षं लागली. गेल्या आठवड्यात पुण्यात त्याने ती पूर्ण वाजवली तेव्हा सगळा हॉल उठून उभा राहिला होता. आणि दुसऱ्या दिवशी पेपराच्या बातमीदाराने मास्तरांना फोन केला, तर गुरूचा अभिप्राय हा.

त्याने मास्तरांना तोंडावर सांगितलं, की तुम्हाला माझं कौतुक सोसवत नाही. लोक आता मला कोणाचा म्हणून ओळखणार, असंही विचारलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं.

"आत ये. वाजव."

यशोधनने बूट काढले, आत जाऊन पियानोपुढे बसला आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं. एक चूक नाही. जिथे मास्तर तीस वर्षांपूर्वी क्षणभर थांबले होते, तिथे तोही थांबला.

"सातव्या मिनिटानंतर काळी चार का वाजवत नाहीस? मधल्या सप्तकातली," मास्तरांनी विचारलं.

यशोधनला हसू आलं. त्याला वाटलं, परीक्षा चालली आहे. मग त्याने सांगितलं, की ती न वाजणं हाच तर या रेकॉर्डचा प्राण. बोटं त्या काळ्या पट्टीपर्यंत येतात आणि तिला न शिवता वळसा घेऊन जातात. एका समीक्षकाने त्यावर 'काळी चारचं मौन' असा अख्खा लेख लिहिला होता. बोट चुकूनही तिथे पडू नये म्हणून यशोधनने वर्षभर घरच्या पियानोच्या त्या पट्टीवर चिकटपट्टी लावून सातव्या मिनिटापुढचा रियाज केला होता.

मास्तरांनी अंगावरची शेंगांची सालं झटकली.

"मेली होती ती."

"कोण?"

"काळी चार. सातव्या मिनिटाला गेली. वाजेचना."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. रेकॉर्ड कंपनीने चांगला पियानो देतो असा शब्द दिला होता आणि दिलं होतं एक मोडकं धूड. पट्टी गेली तसे ते थांबायला निघाले, तर स्टुडिओच्या काचेपलीकडचा कंपनीचा माणूस हाताने खुणा करू लागला, चालू द्या, चालू द्या.

"उरलेली तेहतीस मिनिटं मी त्या माणसाला शिव्या घालत होतो. कव्हरवर त्यांनी छापलं, 'मनःशांती'."

यशोधनचा चेहरा पडला. मग तो लाल झाला. त्या कंपनीचा, त्या समीक्षकाचा, स्वतःच्या चिकटपट्टीचा, सगळ्यांचा त्याला संताप आला, आणि सर्वांत जास्त मास्तरांचा.

"सहा वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"तू एकदाही विचारलं नाहीस."

मला विचाराल तर मास्तरांचं हे चुकलंच. माणसाच्या उमेदीची तीन वर्षं म्हणजे काय थोडी झाली? पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मास्तर कोणाची माफी मागणाऱ्यांतले नव्हते.

यशोधन जायला उठला.

मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं. त्याचे तुकडे करून तीन-चार घड्या केल्या. पियानोचं वरचं झाकण उघडून त्या आतल्या हातोड्या आणि तारांच्या मध्ये कुठे कुठे खुपसल्या, आणि झाकण लावलं.

"आता वाजव."

"काय वाजवू?"

मास्तर ओट्यावर जाऊन पुन्हा शेंगा सोलायला बसले.

यशोधनने रेकॉर्डची सुरुवात धरली. चार सूर झाले, पाचवा वाजलाच नाही. नुसता लाकडाचा ठक्क आवाज. तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ठक्क.

तिसऱ्यांदा तो थांबला नाही. रागाच्या भरात त्याने तीच मेलेली पट्टी पुन्हा हाणली, मग पुन्हा, मग पुन्हा. ठक्क, ठक्क. डाव्या हाताने तो ठेका उचलला. उजवा हात वाट शोधत खाली उतरला, तिथेही एक पट्टी मुकी निघाली, तो तिथून उसळून भलतीकडेच गेला. त्यातलं काहीच त्या रेकॉर्डवर नव्हतं. यशोधनचे कान लालबुंद झाले होते, दात आवळलेले होते, आणि तो वाजवत होता.

ओट्यावर मास्तरांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. यशोधन थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती. राग कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पुण्याचा अख्खा हॉल उभा राहिला तेव्हासुद्धा त्याला इतका आनंद झाला नव्हता.

मास्तर आत आले.

"मास्तर, विसरायच्या आत हे नीट बसवून घेतो," यशोधन घाईघाईने म्हणाला. "पुढच्या महिन्यात पुण्यात हेच वाजवतो, असंच्या असं. मग तरी शिष्य म्हणाल ना?"

मास्तरांनी झाकण उघडलं आणि कागदाच्या घड्या एकेक करून बाहेर काढल्या...

"आत्ता कुठे उठलं रे ते. लगेच बसवतोस?"