तुळसाची उडी

ती दुर्बीण जराशी खाली घ्या जी. हे पाखरू असं शोधून दिसत नाही. इथून त्या बाभळीपर्यंत जवारी दिसते ना, याले आम्ही तुळसाचं वावर म्हणतो. ते पाहा, उडालं... बसलंही! नाही दिसलं? मग बसा धुऱ्यावर, या बांधावर, तोपर्यंत सांगतो.

तुळसा ही पुंजाजीची लेक. पुंजाजी आमच्या पणज्याच्याही आधीचा माणूस. पिकावरची पाखरं राखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. वावरातल्या उंच माळ्यावर उभा राहून नुसत्या फडफडीवरून पाखरू ओळखे, अन् गोफणीचा गोटा कधी वाया जात नसे. गर्वही होता बरं त्याले. "या रानात मले ओळखू येत नाही असं पाखरू नाही," असं चारचौघांत सांगे.

पोरीले मात्र वाचा नव्हती. माय लहानपणीच गेलेली. आठ वर्षांची पोर रोज भाकर घेऊन ये, धुऱ्यावर उभी राहून हात हलवे, अन् बाप वरून ओरडे, "दिसली गं माय, दिसली!" तेवढं ऐकलं की पोर हसे. बापानं वेचून आणलेली पिसं डोक्यात खोचायची तिले भारी हौस.

एका भादव्यात नाल्याले पूर आला अन् धुरा वाहून गेला. मग पोर जवारीतूनच निघाली. त्या साली जवारी खुजी होती, तरी तिच्या डोक्यावर गेलेली. आत बाप दिसेना, हाक मारता येईना. म्हणून ती उड्या मारू लागली, बापाले दिसावी म्हणून.

पुंजाजीले वरून काय दिसलं? कणसांवर दोन पिसं आली अन् गडप झाली. पुन्हा आली, पुन्हा गडप. असं पाखरू त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याले ओळखू येत नाही म्हणजे काय! त्यानं गोफण फिरवली.

नेम चुकला नाही. अरे बाप्पा, तो एक दिवस चुकला असता तर काय बिघडलं असतं!

कोणतं पाखरू पडलं ते पाहायले गेला, तर भाकरीचं फडकं तिच्या हातात तसंच होतं. साऱ्या रानाची पाखरं ओळखणाऱ्यानं पोटची पोर ओळखली नाही.

त्यानं गोफण जाळली. उभी जवारी पाखरांले सोडून दिली. रोज इथं येऊन बसे. असं सांगतात, की पुढच्या भादव्यात याच वावरातून एक काळं पाखरू सरळ वर उडालं. डोक्यामागं लांब पिसं. उडालं अन् जागच्या जागी खाली बसलं, पुन्हा उडालं. पुंजाजी उठला. हात हलवत ओरडला, "दिसली गं माय, दिसली!" दिवस बुडेपर्यंत ओरडतच होता म्हणे.

याले पुस्तकात तणमोर म्हणतात, अन् अशी उडी मारते तो नर असते, हे मागच्या साली पाखरं पाहायले आलेल्या मॅडमनं मले सांगितलं. असंल जी. पण आजही ते उडालं की या गावातला माणूस हातातली गोफण खाली ठेवते, हात हलवते अन् "दिसली" म्हणूनच ओरडते.

ते पाहा, उडालं! हात वर करा जी. ओरडा, लाजू नका. पोरीले वाचा नव्हती, ऐकू तर येत होतं.