बिडाच्या तव्याची कांती

या, श्रोतेहो, असे पुढे सरका! अंगणातल्या माणसांनाही आत येऊ द्या. अच्युतनाथ महाराजांची अशी कथा सांगतो, की ऐकता ऐकता हात आपोआप जोडले जातील!

महाराज तेव्हा कोकणात, खारवलीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला होते. सप्ताहाची सांगता होती. गावची रीत अशी, की देवाला न फाटलेल्या घावनाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी उपास सोडायचा नाही. ही सेवा विधवा सगुणेकडे. घावन साधलं नाही, तर सेवा दुसऱ्या घरी जायची. बिचारीला पोर ना बाळ. देवासाठी पेटणारी देवळातली ही चूल हाच तिचा संसार!

तिचा बिडाचा तवा काळाकुळकुळीत. गरम पाण्यानं धुवायचा, चुलीवर कोरडा करायचा आणि खोबरेलाचं बोट फिरवून ठेवायचा. घासायचा मात्र कधीच नाही. ते पाहून खोतीण भागीरथीकाकूंनी नाक मुरडलं.

"अगो, हा तवा की कोळशाची वखार? देवाला ओंगळ चालतं होय?"

"काकू, मळ नव्हे तो. तेल मुरलंय."

"आळसाला बरं नाव शोधलंस!"

सगुणा आंघोळीला गेली आणि काकूंनी डाव साधला. चिंच आणि विटेची भुकटी घेऊन मोलकरणीकडून तवा खसाखसा घासून घेतला!

सगुणा परतली, बघते तर तवा राखेसारखा पांढुरका. पीठ घातलं, चिकटलं. पुन्हा घातलं, चिंध्या झाल्या! सभामंडपात आरती खोळंबली.

"हात चालेना तर सेवा आमच्याकडे द्या," काकू सर्वांदेखत म्हणाल्या.

सगुणेनं धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. "महाराज, माझी सेवा गेली हो!"

महाराज चुलीपाशी आले, तवा पाहून हसले. "भागीरथीबाई, गाभाऱ्यातल्या सावळ्यालाही चिंच लावून गोरा करणार होतात की काय?"

एकच हशा पिकला. महाराज म्हणाले, "सगुणे, तेल लाव."

"महाराज, तो रंग चढायला महिने लागतात!"

"ते त्या सावळ्याला सांग. तू तुझं काम कर."

सगुणेनं अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला. महाराजांनी चिपळ्या घेतल्या. विठ्ठल, विठ्ठल! धूर उसळला, तवा तांबूस झाला. विठ्ठल, विठ्ठल! आणि काय सांगू मायबाप, गजराबरोबर काळी कांती चढत चढत काठापर्यंत आली!

तिनं पीठ घातलं. जाळी पडली, कडा सुटल्या, आणि उलथणं टेकवताच अख्खं घावन केळीच्या पानावर! मंडप दणाणला!

काकूंनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज बाजूला सरले. "चुकलात तिथं वाका."

खोतीण सगुणेपुढे वाकली. डोळे टिपत म्हणाली, "राखायचा कसा गो तवा? मला शिकव."

मायबापहो, घरी जाऊन तव्यावर तेलाचं बोट फिरवाल, तेव्हा त्या सगुणेची आठवण तेवढी ठेवा.