बियांची सायकल

करमळगडच्या उदाजीराजांनी दवंडी पिटवली, "सरकारांची इटलीहून आलेली नवी सायकल 'बियांची' आहे. तिला जो कोणी दुसरं काही म्हणेल, त्यानं राजवाड्याच्या आवारातली आपली जागा सोडावी!"

कारण एवढंच होतं. पेटी उघडली तेव्हा सायकलवरची अक्षरं राजांनी भर दरबारात मोठ्यानं वाचली, "बियांची!" आणि शाळेचे गुंडोपंत मास्तर हळूच म्हणाले, "सरकार, ते ब्यांकी आहे. तिकडच्या रीतीत सीपुढं एच आला की त्याचा क होतो."

"च चा क? मग उद्या चमच्याला कमका म्हणायचं का, मास्तर?"

सगळा दरबार हसला. मास्तरांनी पगडी सावरली आणि सायकलबरोबर आलेला सुट्या भागांचा कागद पुढं केला. "हे बघावं सरकार. चाकाच्या धावेला त्यांच्याकडं चेर्क्यो म्हणतात. पहिल्या सीचा च, दुसऱ्याचा क. आणि चाक धरणाऱ्या चिमट्याला फोर्चेल्ला."

राजांनी चेर्क्यो म्हणायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा शिंक आल्यासारखं झालं. चौथ्यांदा त्यांनी कागद भिरकावला आणि दवंडी पिटवली.

त्या सायकलची निगा तुळसाकडं होती. ती रथखान्यातल्या लोहाराची विधवा सून. म्हाताऱ्या सासूबरोबर रथखान्यामागच्या खोलीत राहायची. साखळीला तेल, चाकांना फडकं, सगळं तिच्या हातचं. नदीवर पूल बांधायला आलेले रोसेत्तीसाहेब इटलीचेच. पेटी उघडल्या दिवशी त्यांनीच तिला नाव नीट म्हणायला शिकवलं होतं.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सायकल पुसता पुसता ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, ही ब्यांकी बघा कशी उजळली."

मागं राजे उभे होते.

"काय म्हणालीस?"

तुळसानं पदर सावरला. "ब्यांकी म्हणाले, सरकार. खोटं कशाला सांगू? चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम घेतलाय मी, कालपासून."

"अस्सं! मग ऐक. गुरुवारी रोसेत्तीसाहेब फराळाला येताहेत. त्यांच्यासमोर सायकल घेऊन यायचं आणि खणखणीत सांगायचं, 'ही सायकल बियांची.' साहेबांनी ऐकून 'बरोबर' म्हटलं पाहिजे."

"ते कसं म्हणतील, सरकार? आणि माझा नेम?"

"मग खरं करून बोल! माझा शब्द खाली पडला नाही आणि तुझा नेम मोडला नाही, तर मागशील ते देईन. नाहीतर शुक्रवारी खोली रिकामी."

राजे गेले. सासू रडायला लागली. "अगं, या वयात मी कुठं जाऊ? म्हण की बियांची. देव काय एवढ्यातेवढ्याला रागावतो?"

"देव नाही रागावायचा, आत्याबाई. पण देवाला दिलेला शब्द मी कसा फिरवू?" तुळसा तुळशीपुढं दिवा लावून बसली. वात स्थिर झाली तशी ती स्वतःशीच पुटपुटली, "खरं करून बोल... सरकार, वाट तर तुम्हीच दाखवली."

सकाळी पिशवी घेऊन ती घरोघर फिरली. कुणाच्या उतरंडीतून दोडक्याच्या बिया, कुणाच्या गाडग्यातून भेंडीच्या, कुणाच्या चुलीवरच्या शिंकाळ्यातून काकडीच्या. "मूठभर द्या हो," एवढंच म्हणायची.

गुरुवार आला. दरबार भरला. रोसेत्तीसाहेब साबुदाण्याची खिचडी संपवून हात पुसत होते. तोच घंटी वाजवत तुळसा सायकल हातात धरून आत आली. दांडीला पिशवी, मागच्या बैठकीवर गाठोडं, दोन्ही बाजूंना झोळ्या. मुठींनासुद्धा पुरचुंड्या लटकलेल्या!

"सरकार, साहेब," ती खणखणीत म्हणाली, "ही सायकल बियांची."

राजांनी मिशीवर हात फिरवला आणि साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. उठले, एक झोळी उघडली. दोडक्याच्या काळ्या बिया. दुसरी उघडली. काकडीच्या.

साहेब गुंडोपंतांकडं रोज तासभर मराठी शिकत. ते बोटांवर मोजत म्हणाले, "बी. बिया. बियांची." आणि आनंदानं मान डोलावली. "बरोबर! बियांची सायकल! अगदी बरोबर!"

मास्तरांचा ऊर भरून आला.

पण राजे इतक्या सहज सोडणारे नव्हते. "सायकल बियांची, ठीक. आता साहेबांना तिचं नाव सांग."

ब्यांकी म्हणावं तर दवंडी मोडते. बियांची हे नाव म्हणून सांगावं तर नेम मोडतो.

तुळसानं साहेबांना नमस्कार केला. "साहेब, माहेरचं नाव माहेरच्या माणसाच्याच तोंडी गोड लागतं. तुमच्या मुलखाची लेक आहे ही. तुम्हीच हाक मारा."

"ब्यांकी!" साहेब प्रेमानं म्हणाले. पाहुण्याला कोण बाहेर काढणार?

"म्हणजे मी चुकलो?" राजांचा आवाज चढला.

"नाही हो सरकार! दवंडी नीट आठवा. तुम्ही नाव सांगितलंच नव्हतं. सायकल कशाची, ते सांगितलं होतं."

राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसले की गादीवरचा तक्क्या खाली घरंगळला. "माग, बाई, माग!"

"सरकार, ऋषिपंचमीला आम्ही बायका बैलाच्या कष्टाचं खात नाही. परसातली भाजी शिजवतो. आत्ता पेरली तर तोवर हाताशी येईल. पण वाड्यावस्त्यांवर बी पोचवायला पुन्हा बैलगाडीच जुंपावी लागते. तेवढे दिवस सायकल मिळाली, तर बैलांना खरोखरच विसावा होईल."

"तेवढे दिवस?" राजे डोळे पुसत म्हणाले. "खोली तुझी कायमची. आणि आजपासून ही सायकल तुळसाची!"

रोसेत्तीसाहेबांनी मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं. "पंत, इथं 'तुळसाकी' का नाही म्हणत?"

ते राजांनीच ऐकलं. "नाही, साहेब," ते पुन्हा हसत सुटले, "इथं मात्र 'ची'च!"