चांदण्यातली हाक

पूर्वी वेत्रवती नगरीत सुधर्म राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व उसाच्या रानात कोल्ह्याच्या जन्माला आले. रानाच्या कडेला चंडक व्याध, त्याची बायको सामा आणि चिमुरडी लेक नंदा राहत.

चंडकाची शिकार चांदण्यातली. बांधाआड बसायचा आणि कोल्ह्याच्या पिलासारखं केविलवाणं कुईंकुईं करायचा. आयांचा जीव राहतोय होय? धावत यायच्या, बाणाला बळी पडायच्या. त्यांच्यामागून धावणारी पिलंही बाणाला बळी जायची. बोधिसत्त्वांची दोन लेकरं अशीच गेली. शेवटी कोल्ह्यांनी कानाला खडा लावला : पिलू कितीही रडो, हाकेला जायचं नाही.

पौषातल्या पुनवेला नंदा आईच्या नकळत बापामागं झोपडीतून निघाली आणि उसातल्या कोरड्या खड्ड्यात पडली. रडून रडून घसा बसला, नुसती कुईंकुईं उरली. झोपडीत अर्धवट झोपेत सामानं ती ऐकली. "आज यांचा आवाज बरा लागलाय," म्हणाली आणि कुशीवर वळली.

बोधिसत्त्व मात्र उठले.

"काय आजोबा, कातडं जड झालं का?" तरणे कोल्हे हसले.

कोल्हीण आडवी आली. "अहो, तो मेलाच ओरडतोय. आपली पोरं कशी गेली, विसरलात?"

"नाही गं. पण शंभर हाका खोट्या निघाल्या, म्हणून ही खरी नसेल कशावरून?"

खड्ड्यात त्यांना दिसलं माणसाचं पोर. त्याच व्याधाचं. बोधिसत्त्व क्षणभर थबकले. मग खाली उतरले आणि गारठलेल्या पोरीला अंगाशी घेऊन बसले.

तिकडे चंडकानंही ती कुईंकुईं ऐकली. 'खरंच पिलू दिसतंय,' म्हणत तो आवाजाच्या रोखानं बाण लावून आला. बोधिसत्त्वांना पळता आलं असतं, पण मग बाण पोरीला लागता. ते तिच्यावर आडवे पसरले.

बाण सुटला. कोल्हा उचलायला चंडक खड्ड्यात उतरून वाकला, तर खालून आवाज आला, "बा..."

लेकीला कवटाळून तो वर आला, तेव्हा बांधावर कोल्हीण उभी होती. तिच्याकडे त्याला मान वर करून बघवेना.

त्यानं धनुष्य मोडलं, शेतीची माती धरली. नंदा वाढली, सुखानं नांदली, नातवंडांनी अंगण भरलं. पण पुनवेला चंडकाच्या डोळ्याला डोळा कधी लागला नाही.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा चंडक म्हणजे इथे तुमच्यात मान खाली घालून बसलेला भिक्षू सोमक. सामा म्हणजे त्याची आजची आई, नंदा त्याची बहीण. ती कोल्हीण राहुलमाता आणि तो कोल्हा मीच होतो. ज्यानं आपलं घर उजाडलं, त्याच्याही लेकराच्या हाकेला धावणं, तीच मैत्री."